उत्खननातल्या पावत्या

मला हुशार म्हणता ना, मग हे ऐका. ओमानमध्ये पुरातत्त्व उत्खननाच्या नोकरीत माती खरवडायची थापी, ब्रश, बूट सगळं मी स्वतःच्या पगारातून घ्यायचे. कामाच्या खर्चावर टॅक्समध्ये सूट हा आपला हक्क! म्हणून वर्षभर एकेक पावती, खापरं ठेवतो तशी, पिशवीत घालून, वर 'टॅक्स सूट' अशी चिठ्ठी लावून जपली. मग त्या पिशव्यांचं खोकं उचलून मस्कतच्या रुवी भागातल्या काद्रीचाचांकडे धडकले. रत्नागिरीचे, जुने अकाउंटंट.

"चाचा, सूट हवी. हक्क सोडणार नाही!"

त्यांनी सगळ्या पिशव्या निवांत पाहिल्या.

"बेटा, पगारातून टॅक्स किती कापला?"

"काहीच नाही."

"इथे पगारावर टॅक्सच नाही, तर सूट कशातून देऊ?"

"मग या पावत्यांचं काय करू?"

"खणतेस तिथेच पुरून टाक. हजार वर्षांनी तुझ्यासारखीच कुणीतरी येईल आणि सिद्ध करेल, ओमानात टॅक्स होता म्हणून!"