तेल्लेर्वोचा शनिवार

—नाही, बसा, तौनो, बसा. वाफेच्या खोलीत, या माझ्या घरच्या सौनात, साहेब कोणी नसतो, इथे सगळेच उघडे. दगडांवर पाणी मी ओततो, तुम्ही ऐका. वृद्धाश्रम तुमच्या हाताखाली, सही तुमची, तर उत्तरही तुम्हीच द्यायचं. माझ्या बहिणीच्या, तेल्लेर्वोच्या तक्त्यावर काय लिहिलंत? 'सौना बंद. एइ याक्सा.' झेपत नाही म्हणे! कुणाला झेपत नाही? आमच्या बापाच्या तोंडी होता हा शब्द—खांद्यावर ओंडका, गुडघाभर बर्फ, आणि कुणी विचारलंच तर 'याक्सान' म्हणायचा, झेपतंय, म्हणजे अजून पाठ मोडलेली नाही. मोडल्यावरच 'एन याक्सा', मला झेपत नाही, म्हणावं, तेही मान खाली घालून. आणि तुम्ही? दोन बायका कामावरून काढल्यात, म्हातारीला धरून न्यायला माणूस उरला नाही, आणि झेपत नाही कुणाला—तर तिला! थू! चाळीस वर्षं बातमीदारी केली, लाचखाऊ बघितले, लफंगे बघितले, पण आपला थकवा दुसऱ्याच्या अंगावर लिहून ठेवणारे—शी, किळस येते. तिला विचारलंत? मी विचारलं. अहो, दर शनिवारी चार वाजता ती काठी टेकत स्वतः तुमच्या त्या बंद सौनाच्या दारापर्यंत येते, धुतलेला टॉवेल मांडीवर घेऊन बाकावर बसते. बसून राहते. जेवणाची वेळ झाली की उठवून नेतात. सहा शनिवार! जिचा जन्मच सौनात झाला—तेव्हा बाळंतपणं तिथंच व्हायची— ऐंशी वर्षांत जिचा एक शनिवार चुकला नाही, तिला ओल्या फडक्यानं पुसता—टेबल पुसावं तसं? सोमवारी छापतोय सगळं, नावानिशी.

काय म्हणालात? कोणता फोन? हं—तो. आला होता. नातेवाइकानं यावं, आम्ही सौना तापवून देतो, असं म्हणाली खरी ती परिचारिका. मग? कामात होतो मी. एकदाच—बरं, सहाही वेळा, तुम्ही काय मोजत बसला होता? काय सांगितलं म्हणजे? माणूस जे सांगतो तेच—एन याक्सा. लेख लिहीत होतो, तिच्यासाठीच लिहीत होतो, सत्तरी उलटली माझी, दमतो माणूस—असं बघू नका. आजही? आज मी फोन उचललाच नाही. किती वाजले? चार?—म्हणजे ती बाकावर येऊन बसली असेल. सरका. खाली उतरू द्या मला—एक शब्द बोलू नका, सरका.