तळ्यावरचे एकोणीस दिवस

आर्डिथ : आणि ब्रिन तुझ्यासोबत किती महिने राहिली?

वेड : बारा.

जोलीन : बारा नाही.

(मार्च महिना. मिनेसोटातल्या एका छोट्या गावाचं वाचनालय, कराचे फॉर्म फुकट भरून देण्याचं टेबल. संगणकापाशी शाळेच्या निवृत्त कारकून आर्डिथबाई. समोर वेड आणि जोलीन. सात वर्षं एका घरात, लग्न न करता. ब्रिन ही जोलीनची मुलगी, वय नऊ.)

आर्डिथ : ब्रिन कुठे गेली होती?

जोलीन : ती कुठेच नाही. हा गेला होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत. एकोणीस दिवस.

वेड : तळ्यावर होतो.

आर्डिथ : कुठल्या?

वेड : घरासमोरच्या. स्वयंपाकघरातून दिसतं.

जोलीन : गोठलेल्या तळ्यावर, बर्फावर खोपी टाकून बसला होता. मासे धरायला म्हणे. किती धरलेस ते सांग बाईंना.

वेड : दोन.

आर्डिथ : मासे मला भरायचे नाहीत.

जोलीन : भांडण झालं होतं.

आर्डिथ : ते मी विचारलं नव्हतं, पण आता विचारावं लागेल. वेड, तुझ्या फॉर्मवर तिला तुझ्यावर अवलंबून म्हणून दाखवायचंय. ती तुझी पोटची असती तर निम्म्याहून थोडं जास्त वर्ष पुरलं असतं. तुझं तिच्याशी नातं नाही, म्हणून अख्खं वर्ष लागतं.

वेड : सख्ख्या बापाला निम्मं चालतं?

आर्डिथ : चालतं.

वेड : तो आठ वर्षं अलास्कात आहे.

आर्डिथ : म्हणजे त्याला निम्मंही जमलं नाही. तुम्ही लग्न केलं असतंत तर तुलाही निम्म्यावर भागलं असतं.

जोलीन : फॉर्मसाठी लग्न करू?

आर्डिथ : लोक त्याहून फालतू कारणांसाठी करतात.

जोलीन : मग तिला माझ्याच नावावर दाखवा ना. आई आहे मी.

आर्डिथ : गेलं वर्षभर तू दिवसा तुझ्या आजारी आईच्या उशाशी होतीस. कमाई शून्य. तुला फॉर्मच भरायचा नाही. याने दाखवलं तर याचे कराचे पाचशे डॉलर सुटतात.

वेड : पाचशेसाठी नाही आलो मी.

जोलीन : मग कशाला आलास?

वेड : तिचं नाव कुठेतरी माझ्या नावाखाली असावं म्हणून. तिला शाळेतून आणायला जातो, तर ऑफिसच्या खिडकीतली बाई विचारते, तुम्ही तिचे कोण.

आर्डिथ : मीही विचारायचे.

वेड : तुम्ही रोज विचारायचात.

आर्डिथ : नियम होता. आता हा नियम ऐका. 'तात्पुरतं बाहेर राहणं हे घरात राहण्यातच धरावं, जसं की आजारपण, शिक्षण, नोकरी, सुट्टी, सैन्य.' भांडण नाही यात.

वेड : सुट्टी लिहा.

जोलीन : सुट्टी? मिशीला बर्फ लागलं होतं तुझ्या.

आर्डिथ : सुट्टी मी लिहिणार नाही. पण इथे 'जसं की' म्हटलंय. म्हणजे यादी संपलेली नाही. प्रश्न एवढाच, तो परत येणार होता का?

वेड : येणार होतो.

जोलीन : 'या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही' म्हणाला होता. दारात उभा राहून. दार सताड उघडं, घरातली सगळी ऊब बाहेर.

वेड : तुला म्हणालो होतो. सरकारला नाही.

आर्डिथ : कपडे नेले होतेस?

वेड : अंगावरचे.

आर्डिथ : टपाल?

वेड : घरीच यायचं.

आर्डिथ : आणि जेवण? दोन माशांवर?

वेड : ब्रिन डबा आणायची. संध्याकाळी, बर्फावरून चालत.

आर्डिथ : तेव्हा आठ वर्षांची ती. स्वयंपाक करायची?

जोलीन : मी करायचे. उरलेलं द्यायचे.

वेड : गरम असायचं.

जोलीन : उरलेलं गरमही असतं.

आर्डिथ : म्हणजे चूल वेगळी झाली नव्हती.

जोलीन : चूल कशाला वेगळी होईल? भांडण झालं होतं, वाटण्या नव्हे.

आर्डिथ : मग तुलाच विचारते. तो आपल्या बाजूनेच बोलणार. डबा भरताना तुला काय वाटायचं? येणार की नाही?

जोलीन : मार्च लागला की सगळ्या खोप्या तळ्यावरून उचलाव्याच लागतात. नाहीतर दंड.

आर्डिथ : ते खोपीचं झालं. तू नाही म्हणालीस तर मी बारा लिहिणार नाही. मग ब्रिन त्याच्या कागदावर येत नाही.

जोलीन : आणि हो म्हणाले तर? हा शेजारी बसून ऐकतोय. हा येणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं याला कळलं, की पुढच्या वेळी खुशाल जाईल.

वेड : नाही जाणार.

जोलीन : पाय ठेवणार नाही, असंही म्हणाला होतास.

आर्डिथ : पुढच्या वर्षाचा फॉर्म पुढच्या वर्षी. मागे आणखी तिघं थांबलेत.

जोलीन : लिहा बारा.

आर्डिथ : लिहिलं. आता नात्याचा रकाना. तुझ्यासाठी इथे एकच शब्द निघतोय.

वेड : कुठला?

आर्डिथ : 'नाही'.

जोलीन : नुसतं 'नाही'?

आर्डिथ : नातं नसलं की संगणक तेवढंच देतो.

वेड : ते बारा महिन्यांच्या शेजारीच येतं का?

आर्डिथ : अगदी शेजारी.

वेड : मग राहू द्या. वाचणाऱ्याला कळेल.