चरकातनं निघालेली मी

माझं नाव गजराबाई, माहेर बावड्याचं, आनि दिलं मला इंदापुरात, चित्रकलेच्या मास्तराला. लगीन ठरलं तवा आत्या म्हनली, गजरे, नशीब काढलंस, नवरा तुझं चित्र काढंल, भिंतीवर लावंल. मी तेच मनात धरून बसले बगा. मास्तर शाळा सुटली की चित्रं काढायचे, पुन्याला त्यांची चित्रं लागायची, म्हाताऱ्या मानसांचे चेहरे तर असे काढायचे की सुनांनी बगून डोईवर पदर घ्यावा. आनि मला काय म्हनायचे, तू काय कुठं पळून चाललीस व्हय, काढू सावकाश. मी चुलीपाशी, मी पोरांच्या मागं, मी रस्त्याकडंच्या आमच्या रसवंतीत, आनि ते सावकाश काय उगवंना.

मग रिटायर झाले आनि उजवा हात हलायला लागला. कप धरला की निम्मा चहा बशीत. काय सांगू तुमाला ताई, नाक काढायला जावं तर ब्रश कानाकडं जायचा. बारामतीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, म्हनला, हे आता असंच ऱ्हानार. मास्तरांनी रंगाची पेटी माळ्यावर टाकली आनि ओट्यावर बसून ऱ्हायले, पेपर सुदिक उघडंनात. त्यांचं वाईट वाटलंच, पर खरं सांगू का, मला माझंबी वाईट वाटलं. म्हनलं, गजरे, तुझं चित्र काय आता हुत न्हाय.

पावसाळ्यात रसवंती बंद असती. एक दिवस बगते तर मास्तर चरकाम्होरं उभे, चाक हातानं फिरवून बगत्यात. म्हनले, अगं, चित्राचा कागदावर ठसा घ्यायला असंच यंत्र लागतं, दोन रूळ आनि मधनं दाब, शिकत हुतो तवा केलंय म्या. म्या म्हनलं, करा की मग, चरक काय न्हाय म्हनतोय व्हय. त्यांनी पुठ्ठा घेतला, त्याच्यावर गोनपाटाचा तुकडा, सुतळी, उसाचं पाचट डिंकानं चिकटवलं, काळी शाई चोळली, फडक्यानं पुसली, वर कागद, कागदावर घोंगडीचा तुकडा, आनि म्या चाक फिरवलं. हात हलला तरी चिकटवायला काय अडत न्हाय, सुतळी वाकडी बसली तर बसली.

चूक झाली ती हितं. उसाच्या चरकाच्या रुळाला खाचा असत्यात, न्हायतर ऊस घसरंल की. घोंगडीच्या चार घड्या घालायच्या त्या आमी एकच घातली. कागद निघाला तर ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत पट्टंच पट्टं, रानात सऱ्या पाडल्यागत. मला रडूच आलं, म्हनलं, एवढ्या चांगल्या कागदाची माती केली. आनि मास्तर हसाय लागले. किती दिसांनी हसले ते! म्हनले, घोंगडी जाड करू नगंस, असंच ऱ्हाऊ दे.

मग काय, रोजच सुरू झालं. चेहरा न्हाय, झाड न्हाय, घर न्हाय, नुसतं काळं, मधीच मातीचा रंग, आनि पट्टं. शेजारच्या एसटीडीवाल्याकडं फोनला आलेली मानसं वाकून बगायची, मास्तर, हे काय हाय वो? मास्तर म्हनायचे, चित्र हाय. ते खरं, पर कशाचं? ह्याच्यावर मास्तर नुसती शाई पुसायचे. मलाबी कळत नव्हतं, पर मानूस दोन घास जेवायला लागला हुता, मला तेवढं बास. उन्हाळा आला तवा चरक रॉकेलनं धुतला, उकळत्या पान्यानं धुतला, तरी पयला गिलास काळा निघाला, आनि गिऱ्हाईक कोन, तर ह्यांच्याच शाळंचे जुने हेडमास्तर! त्या दिशी म्या सांगून टाकलं, हा चरक आता तुमचा, मी ताक इकते.

गेल्या दिवाळीत ट्रंक उघडली तर माझी लग्नातली इरकल कातरलेली, पदर गायब. अशी भांडले म्हनता, सगळी गल्ली गोळा झाली. मास्तर पुठ्ठ्यावर शाई चोळत ऱ्हायले. मग म्हनले, चल, चाक फिरव. रागारागानंच फिरवलं. कागद उचलला तर लाल शाईत माझ्या पदराची वीन उमटलेली, काठ सुदिक, आनि त्याच्यावरनं माझ्या चरकाच्या सऱ्या. म्हनले, सावकाश काढतो म्हनलं हुतं, घे. ही तू. म्या नाक शोधलं, डोळं शोधलं, काय सापडंना. म्हनलं, आवं, ह्यात मी कुठं हाय? तर म्हनले, हा पदर आनि हा चरक दुसऱ्या कुनाचा हाय का, सांग.

भिंतीवर लावलंय ते. सकाळी केर काढताना बगते, कधी पाठमोरी दिसते, कधी कायच दिसत न्हाय, तरी बरं वाटतं. चांगलं चाललंय आमचं. हात हलतोच, पर पेटी माळ्यावरनं खाली आलीय. ताक घ्या ना ताई, गार हाय.

आत्या तेवढी आज असायला पायजे हुती. म्हनली असती, गजरे, हे काय टांगलंयस गं बाई? म्या म्हनलं असतं, आत्या, नवऱ्यानं माझं चित्र काढलंय, भिंतीवर लावलंय.