सेक्रेटरींचा पाय आणि आमचा लाकडी पूल

हसताय काय गं, माझा जीव टांगणीला होता! परळच्या आमच्या चाळीत संडास पलीकडच्या इमारतीत, आणि जायला मधे एकच लाकडी पूल. सेक्रेटरींना म्हटलं, "भाऊ, फळ्या बदला. दर गणपतीला वरून रंग फासता, आत लाकूड कुजलंय."

"आजी, उगाच घाबरता. हे बघा!" म्हणत त्यांनी पुलावर पाय आपटला. गेला की मांडीपर्यंत आत!

चौघांनी ओढून काढलं. लगेच मीटिंग बसली. म्हटलं, आता तरी शहाणे होतील.

झाले ना! सकाळी भोकावर पत्रा ठोकला आणि शेजारी पाटी लावली. सुनेने वाचून दाखवली, "पुलावर पाय आपटू नये."

पाटीची फळी मात्र नवीकोरी, सागवानी.