कुमुदबाईंची हजेरी आणि बंद पडणारा कॉम्प्युटर

मंडळी, आजची गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आधीच सांगून ठेवतो. मला चाळीस वर्षं ओळखणाऱ्यांना तर मुळीच वाटणार नाही. हसताय काय, पेटीवाले? सूर धरा.

तर प्रश्न असा — नाम एकदा घेतलं, देवाला ऐकू गेलं. मग पुन्हा पुन्हा कशाला घ्यायचं? देव काय बहिरा आहे? परवा एका इंजिनिअर जावईबापूंनी मला हे विचारलं. पंचाईत झाली. मग आठवले मनोहरपंत खांबेटे. माझे मित्र, कृष्णाकाठचे, अगदी माझ्याच वयाचे.

पंतांच्या बायकोनं, कुमुदबाईंनी, एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली 'ग म भ न' गिरवून गेलेलं. एके दिवशी मंडईत भाजीवाला पाया पडायला वाकला. बाई म्हणाल्या, "कोण रे बाळ तू?"

"बाई, मी बबन."

बाईंनी ओळखल्यासारखी मान हलवली आणि भाजी न घेताच घरी परतल्या. मंडळी, ज्यांना पोरांच्या आयांची माहेरची आडनावं पाठ, त्यांना बबन सापडेना!

डॉक्टर म्हणाले, नावं अशीच एकेक करून जाणार. बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, माझी पोरं लिहून घ्या. आहेत तोवर."

घरात लेकानं टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. रोज जेवणं झाली की दोघं त्याच्यापुढे बसायची. बाई हजेरी सांगायच्या — "आंबेकर दत्तू. उगले हौसा. शिकलगार मुमताज." पंत एका बोटानं टाइप करायचे, एक 'ळ' सापडेपर्यंत चहा निवायचा. तीस-चाळीस नावं झाली, की फट्. पडदा काळा. सगळं गेलं.

पंत म्हणायचे, "सांग बाई पुन्हा. पहिल्यापासून."

दुरुस्तीला सुहास कदम आला. चांगला दुकानदार माणूस. त्यानं डबा उघडला, तर पंख्यात इतकी धूळ, की चिमणीनं घरटं करून दोन पिल्लं वाढवलेली. मान हलवू नका, पिल्लं मी पाहिलीत. त्यानं रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले — खोडरबर बाईंनीच दिला, शाळेतला. वायर बदलली. व्हायरस मारले. दुकानात नेऊन आठ दिवस अखंड चालू ठेवला. हूं नाही की चूं नाही. घरी आणला, तिसऱ्या नावाला फट्.

सुहास म्हणाला, "काका, उठा. मीच बसतो." बसला पंतांच्या खुर्चीत, तीन तास. बंद पडेना! शेवटी हात जोडले. "काका, निदान दर ओळीला सेव्ह तरी करत जा."

"विसरतो रे," पंत म्हणाले.

आता सांगा, त्या घरात विसराळू नक्की कोण?

असं चार महिने चाललं. पण ऐका हं, पहिल्यांदा बाईंनी सांगितला नुसता 'आंबेकर दत्तू'. चौथ्यांदा त्याला नाक पुसायची डावी बाही आली. नवव्यांदा मुमताज डाव्या हातानं लिहायला लागली. आणि एका दुपारी बाई मध्येच थांबल्या. डोळे मिटले. म्हणाल्या, "शिंत्रे बबन. सातातून नऊ वजा करून दोन उरवायचा." पंत टाइप करायचं सोडून त्यांच्याकडे बघत बसले.

सगळी नावं आली असं नाही. काही गेली ती गेलीच. पण बाई पुन्हा मंडईत गेल्या, बबन वाकला, आणि बाई म्हणाल्या, "शिंत्रे, वजाबाकी सुधारली का? भाजी नीट तोल." बबननं कोथिंबीर वरून घातली आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून रचलेलेच कांदे पुन्हा रचायला लागला.

मग बिघाड काय होता? बिघाड नव्हताच, मंडळी! त्या पत्र्याच्या डब्याला गोडी लागली होती. यादी पुरी झाली की बाई उठून जाणार, मग आपल्याला नावं कोण ऐकवणार? म्हणून तो आपण होऊन बंद पडायचा. सुहासनं मला तसं लिहून दिलंय.

जावईबापू, देवाला ऐकू जावं म्हणून नाम पुन्हा घ्यायचं नाही. आपल्या हातून सुटू नये म्हणून घ्यायचं. आणि मंडळी, तुमची आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला बसते, तेव्हा काय म्हणता तुम्ही? "सांगितलंस की, आई." एवढं म्हणता आणि मोबाइल उचलता. अहो, एका डब्याला जे कळलं, ते तुम्हाला-मला कळू नये? चला, आता त्या डब्याला स्मरून सगळ्यांनी मोठ्यानं —

"अहो, पुरे. किती खोटं सांगाल?"

कोण ते? बायकांच्या बाजूनं कोण बोललं? बसा, बाई. कीर्तन चालू आहे.

"बसलेच आहे. कोण मनोहरपंत? टाइप करणारे तुम्ही, सांगणारी मी. आणि डबा कसला बंद पडतोय? टेबलाखालच्या विजेच्या बटणावर तुमचा अंगठा असायचा, उजव्या पायाचा. पहिल्याच आठवड्यात दिसला मला. म्हणून तर रोज पहिल्यापासून सांगत होते."