चारशे दारं आणि माझी सही

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या संचालिका बाई, व्यासपीठावरील ज्येष्ठ सहकारी, सत्कारमूर्ती ताई, त्यांचे यजमान आणि लेक, आणि खुर्च्या कमी पडल्याने भिंतीला टेकून उभे असलेले मित्रहो,

लिहून आणलेलं भाषण खिशात आहे, पण ते वाचवत नाही. जरा पाणी घेतो.

ताई आपल्या कंपनीच्या चाचणी विभागाच्या प्रमुख. गेम बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, म्हणजे आमच्या आनंदावर विरजण घालायचं, हे बावीस वर्षं त्यांचं काम. हसा, त्याही हसताहेत.

सहा वर्षांपूर्वी आपण एका शहराचा गेम केला, मी त्याचा प्रमुख. जाहिरातीच्या कार्यक्रमात मी छाती फुगवून म्हणालो, "शहरात चारशे दारं आहेत. कुठलंही वाजवा, उघडेल!" काय टाळ्या पडल्या! दुसऱ्या दिवशी ताई कागद घेऊन माझ्या टेबलाशी.

"एकोणीस उघडतात. बाकीची नुसती रंगवलीयत."

"होतील हो, ताई."

"दोन महिन्यांत? कोण करणार? बरं, निदान वाचलंत म्हणून सही तरी करा."

केली. गेम ठरल्या तारखेला गेला आणि शिव्यांची पत्रं सुरू झाली. त्यात एका निवृत्त पोस्टमनचं होतं. "जन्मभर दारं वाजवली. गुडघे गेले म्हणून लेकीने हा गेम आणून दिला. तीनशे बारा दारं वाजवून झाली, यादी जोडली आहे. माझंच काही चुकतंय का?"

ताईंनी त्यांना फोन केला. "तुमचं काही चुकलं नाही, काका," एवढं मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं.

मग ती बैठक. आधी कळलं नव्हतं का, असं वरिष्ठांनी विचारल्यावर मी म्हणालो, "चाचणी विभागाने कळवलंच नाही." ताई समोर बसल्या होत्या. माझ्या सहीचा कागद त्यांच्या फाइलमध्ये होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली. नऊ जणांचा विभाग तिघांवर आला. घरी गेलेल्या सहांपैकी दोघं आज मागच्या रांगेत आहेत. मी मघापासून तिकडे बघायचं टाळतोय.

त्या गप्प का बसल्या? हे विचारायला मला गेला आठवडा उजाडावा लागला. म्हणाल्या, "तुमचं बाळ तेव्हा आठ दिवसांचं होतं. म्हटलं, महिन्याभरात तुम्हीच सांगाल. मग वाट बघायची सवयच लागली."

बाई, आपण घड्याळाकडे पाहताय, आवरतो. ताईंनी कळवलं होतं. सही माझी होती. याची नोंद व्हावी, असं पत्र आज सकाळी आपल्या टेबलावर ठेवलंय.

ताई, आपले आभार मानायला मला तोंड नाही, तरी मानतो. सभागृहाने शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. आज बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या बैठकीतलं मात्र घालू नका.