निळ्या गाडीचं पिवळं बॉनेट

नाही नाही, अपघात झालेला नाही हो, आणि दोन गाड्या जोडून त्यांची एक केलीय, असंही नाही. परवा पेट्रोल पंपावर एकाने तेच विचारलं, "काका, पुढची गाडी कोणाची आणि मागची कोणाची?"... निळ्या गाडीला पिवळं बॉनेट दिसलं की लोकांना राहवत नाही, सिग्नलला काच खाली करून विचारतात, आणि मी तसा कमी बोलणारा माणूस, तुम्हाला सांगतो, जन्मभर लिफ्ट चालवली, "कितवा?" आणि "सांभाळून" या दोन शब्दांवर माझी नोकरी निघाली, आणि आता म्हातारपणी चौकाचौकात उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगायचं!... घाईत आहात? नाही ना? मग सांगतो.

आमच्या घरात सगळं मळखाऊ. पडदे मळखाऊ, चादरी मळखाऊ, माझा स्वेटर मळखाऊ. ही, म्हणजे आमची मंडळी, दुकानात गेली की एखादं आकाशी कापड बोटांत धरायची, त्याच्याकडे बघून नुसती हसायची, हळूच खाली ठेवायची आणि दुकानदाराला म्हणायची, "मळखाऊ दाखवा." सगळा जन्म मातकट, शेवाळी, राखाडी... मी त्या खिडकी नसलेल्या खोक्यात वर-खाली, आणि ही तपकिरी पडद्यांच्या आत. तक्रार नाही हं. सुखात गेलं. पण लिफ्टमध्ये बसल्या बसल्या मला कधी कधी वाटायचं, की एखाद्या दिवशी हिला शेवटच्या मजल्याच्याही वर न्यावं, दार उघडावं, आणि समोर नुसतं निळं... असो.

तर लेक म्हणाली, "बाबा, आता तरी गाडी घ्या, आईचे गुडघे बसची पायरी चढू देत नाहीत." गेलो डीलरकडे. तिथे एक टायवाला, त्याच्या टायवरसुद्धा छोट्या छोट्या गाड्या, तो म्हणाला, "काकू, हा मातकट घ्या, धूळ दिसतच नाही." आणि ही... तुम्हाला सांगतो, ही त्या मातकट गाडीला वळसा घालून कोपऱ्यातल्या निळ्या गाडीपाशी गेली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "मला हा." 'हा चालेल का' नाही, 'तुम्हाला काय वाटतं' नाही. "मला हा"! मी किंमत न विचारता पेन मागितलं.

काय दिवस होते ते! रोज सकाळी मी मऊ फडक्याने गाडी पुसायचो आणि ही खिडकीतून बघायची. समोर काच, काचेपुढे निळं बॉनेट, त्याच्यापुढे रस्ता... गाडी चालवताना वाटायचं, आपण रस्त्यावर नाहीच, आपण कुठेतरी वर आहोत, आणि कोणी "कितवा?" असं विचारतच नाहीये. हिला तर इतका धीर आला की ती पडद्यांसाठी पिवळं कापड घेऊन आली. पिवळं! हळदीसारखं! मी म्हटलं, "अगं, मळेल." ती म्हणाली, "धुईन."

आणि मग बॉनेटवर तो ठिपका आला. नखाएवढा, पांढरा. मला वाटलं, चिमणीची कृपा. पुसला, जाईना. ठिपक्याचा झाला ढग, ढगाशेजारी दुसरा ढग, आणि बोट लावलं की खपली निघायची. ही खाली आली, ढगांवरून बोट फिरवलं, वर गेली आणि ते पिवळं कापड घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. म्हणाली, "माझंच चुकलं हो. मळखाऊ घ्यायला हवा होता."

आता सांगा, मी काय करायचं? रंग उडाला त्याचं मला काही नाही, रंग माझ्या डोक्यावरचाही उडालाय! पण हिचं चुकलं? हिचं?

गेलो टायवाल्याकडे. म्हटलं, रंग उडाला, वॉरंटी आहे. तो म्हणाला, "काका, उन्हाने झालंय. ऊन हे बाह्य कारण आहे. वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, "गाडी बाहेर चालवायची म्हटल्यावर ऊन लागणारच की." तर म्हणाला, "अगदी बरोबर, म्हणूनच बसत नाही." मी म्हटलं, "मग पाऊस?" "बसत नाही." "पक्षी?" "बसत नाही." "मग साहेब, बसतं काय?" तो टाय सरळ करत म्हणाला, "निर्मितीदोष बसतो. पण आमच्याकडे निर्मितीदोष होत नाहीत." तरी म्हणाला, "तपासणीला आणा. बघू."

तपासणीच्या दिवशी काय झालं ठाऊक आहे? मी अंघोळ करून येतो तो ही खाली, गाडीपाशी, हातात तिच्या केसांच्या तेलाची बाटली! प्रत्येक ढगावर बोटाने तेल जिरवतेय, पदराने चकाकी आणतेय. "अगं, हे काय?" "मग? चार लोकांत न्यायची ती अशी पारोशी न्यायची?" मी कमी बोलणारा माणूस, किल्ली फिरवली. तिथे पोचलो, तर बॉनेट असं झळकतंय, की टायवाल्याने त्यात बघून भांग पाडला! "काका, कुठाय डाग? ही तर आमच्या नव्या गाडीपेक्षा छान आहे." पोराला डॉक्टरकडे न्यावं आणि त्याने तिथेच खिदळायला लागावं, तशी ती गाडी उभी!

पुढच्या वेळी गाडी तशीच नेली, धुळीसकट, न पुसता. हिला कळू न देता नेली, तिला लाज वाटली असती. ढग स्वच्छ दिसत होते. टायवाल्याने बोटाने धुळीवर रेघ ओढली आणि हळहळला. "काका, काका... निगा राखलेली नाही. वॉरंटीत बसत नाही."

कंपनीच्या फोनवरच्या ताईही तेच म्हणाल्या, पण फार गोड. आधी बराच वेळ बासरी वाजवली, मला तर डुलकी लागली, डुलकीत मी लिफ्टमध्ये होतो आणि लिफ्ट ढगांतून चालली होती, आणि मग दार उघडून त्या ताई म्हणाल्या, "क्षमस्व, वॉरंटीत बसत नाही."

घरी आलो. ही विचारायची नाही, नुसती पाणी आणून द्यायची, आणि तपकिरी पडदा ओढून घ्यायची. खिडकीतून गाडी दिसू नये म्हणून. मला भांडता येत नाही हो. मला एकच येतं, स्टुलावर बसता येतं. तर मी काय केलं, माझं लिफ्टमधलं जुनं स्टूल घेतलं, गाडी डीलरच्या काचेसमोर लावली, आणि त्याच्या दाराशी जाऊन बसलो. आंदोलन नाही, घोषणा नाही. माणूस आला की उठायचं, दार उघडायचं, "सांभाळून" म्हणायचं, परत बसायचं. टायवाला म्हणाला, "काका, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "बसलोय. इथे तरी बसतं का बघतो."

गिऱ्हाइकांना वाटलं, मी तिथलाच. विचारायची, "काका, ही निळी कशी आहे?" आणि मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणायचो, "गाडी फार गुणी आहे. रंग तर इतका छान आहे..." आणि मग बाहेर बघून म्हणायचो, "होता." बस. एवढंच. लोक काचेतून ढग बघायचे आणि "घरी विचारून येतो" म्हणत निघायचे. मी उठून दार उघडायचो. "सांभाळून."

शेवटी टायवाला एकदा स्वतःच दोन कप चहा घेऊन आला, माझ्याशेजारी पायरीवर बसला, टाय सैल केला आणि कुजबुजला, "काका, उठा आता. मंजुरी आलीय. त्या निळ्यातच दोष होता, कंपनीने तो रंगच बंद केलाय." मी चहा तसाच ठेवला! घरी जिने चढलो, लिफ्टची वाट बघितली नाही, मी, लिफ्टवाल्याने! म्हटलं, "अगं, तुझं नाही चुकलं! रंगाचंच चुकलं!" तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "दिसायला चांगला होता ना पण?" मी म्हटलं, "फार." डोळे पुसले तिने, आणि पडदा बाजूला केला.

पण परत गेलो, तर टायवाल्याचं पुढचं वाक्य ऐका. "काका, मंजुरी फक्त बॉनेटची. दारं, छत धड आहेत, ती वॉरंटीत बसत नाहीत. आणि निळा बंद. हे एवढे रंग आहेत, काकूंना निवडू द्या." हिला घेऊन गेलो. ही एकेका गाडीला हात लावत चालली... मातकट गाडीपाशी थांबली. हात ठेवला. टायवाला म्हणाला, "छान, मळखाऊ आहे." आणि ही त्या मातकट गाडीला टेकून, गुडघ्याला जरा विसावा देऊन, पलीकडे बोट दाखवून म्हणाली, "मला तो. पिवळा."

टायवाला म्हणाला, "काकू, विचित्र दिसेल!" ही म्हणाली, "दिसू दे."

आता पडदेही पिवळे आहेत, बॉनेटही पिवळं आहे, आणि ही माझ्या शेजारी बसून सिग्नलला लोकांना हात करते. समोर बघितलं की वाटतं ऊन पसरलंय, आणि आपण त्या उन्हावरून सावकाश चाललोय... फक्त ते सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

आणि एवढ्यावर मिटलं असतं हो. पण हिने त्याच दिवशी तिथे एक हिरवाही बघून ठेवलाय. दारांसाठी. रोज सकाळी खिडकीतून विचारते, "अहो, दारावर ठिपका दिसतोय का?"... म्हणून तर गाडी इथे भर उन्हात लावलीय. आता तुम्हीच सांगा, हे तरी वॉरंटीत बसेल का?